झोपलेल्या गव्हाचा घट

चौथी माळ चढली तरी घटाच्या मातीत हिरवं म्हणून काही दिसेना.

वेताच्या परडीत रानातली काळी माती, मधोमध मातीचा घट, वर नारळ, झेंडूच्या माळा लोंबतायत, नंदादीप स्वस्थ जळतोय. सगळं दरसालसारखंच. माती तेवढी काळीच्या काळी. आत्याबाईंनी बोटानं ती जराशी उकरली, एक दाणा वर काढला, अंगठ्यानं पुसला आणि डोळ्यांजवळ धरला. गहू फुगून टचटचीत झाला होता. कोंब नव्हता.

"कुजला बी न्हाई बघ," त्या म्हणाल्या. "कुजला असता तर म्हणले असते, पाणी जास्ती झालं. हा तर नुसता निजलाय."

दारात त्यांची सून स्वरूपा उभी होती. तिच्या कडेवर तिची तीन वर्षांची लेक ओजू होती. पोरीचं नाक वाहत होतं, म्हणून स्वरूपानं सकाळपासून कितीदा तरी तिच्या कपाळाला हात लावून पाहिला होता. आता तो हात कपाळावर तसाच राहिला. निजलाय. तिच्या प्रयोगशाळेत सगळे हाच शब्द वापरायचे.

"तुझं तोंड कामून उतरलं?" आत्याबाईंनी मान वळवली. "घट माझा रुसलाय, तुझा न्हाई. जा, लेकराला घेऊन बस. आन् इतकं चाचपू नको तिला, पोळी हाय का ती भाजली का बघायला?"

स्वरूपा आत गेली, पण तिचं चित्त परडीतच राहिलं. त्या गव्हाला कुणी निजवलं हे तिला ठाऊक होतं. तिनंच.

जालन्याच्या बाहेर, औद्योगिक वसाहतीत, एका बियाणे कंपनीच्या प्रयोगशाळेत ती सहा वर्षं गव्हाचे आणि ज्वारीचे भ्रूण सांभाळत होती. भ्रूण म्हणजे दाण्याच्या टोकाशी असलेलं, मोहरीहून लहान असं होऊ घातलेलं रोप. आत्याबाई थट्टेनं त्यांना 'तुझी डबीतली लेकरं' म्हणायच्या. "आधी घरच्या लेकराला जेवू घाल, मग डबीतल्यांना दूध पाज," हे वाक्य आठवड्यातून एकदा ठरलेलं.

त्या डबीतल्या लेकरांचं सगळं आयुष्य दोन संप्रेरकांच्या ओढाताणीत जातं. भ्रूणाच्या पेशीपेशीत रोप घडवणारी हजारो जनुकं असतात, पण ती एकदम बोलत नाहीत. दाणा भरत येतो तेव्हा ॲबसिसिक आम्ल नावाचं संप्रेरक वाढतं. ते काही जनुकांना चालू करतं: अन्न साठवा, अंगातलं पाणी गेलं तरी जिवंत राहायची तजवीज करा. आणि उगवण्याच्या जनुकांना गप्प बसवतं. दाणा वाळतो, टणक होतो, निजतो. पुढं ओल लागली, ऊब मिळाली, की ते आम्ल ओसरतं, जिबरेलिन नावाचं दुसरं संप्रेरक जोर धरतं, गप्प बसलेली जनुकं बोलायला लागतात आणि कोंब फुटतो. किती निजायचं आणि कधी उठायचं, हा हिशेब गहू हजारो वर्षं आपला आपण करत आला होता.

गेल्या काही वर्षांत हवामानानंच तो बिघडवला. काढणीच्या तोंडावर आठ-आठ दिवस पाऊस बसायला लागला. उभ्या ओंब्या भिजायच्या, दाण्यांना वाटायचं उठायची वेळ झाली, आणि गहू ताटावरच कोंब काढायचा. खळ्यावर यायचा तो चिकट, गोडसर, भाकरीच्याही कामाचा नसलेला माल. त्यावर स्वरूपाच्या गटानं औषध काढलं. दाणा चिकात असताना एकदा फवारायचं. ॲबसिसिक आम्लासारखाच एक रेणू, पण सहजी न विरणारा. तो भ्रूणात शिरला की उगवण्याच्या जनुकांभोवतीचा डीएनएचा पीळ इतका घट्ट आवळायचा, की पाऊसच काय, पूर आला तरी दाणा उठायचा नाही. कंपनीनं त्याचं नाव ठेवलं 'विसावा'. पेरणीच्या वेळी पीळ सैल करायला दुसरं द्रावण घ्यायचं, त्यात मुख्यतः जिबरेलिन. त्याचं नाव 'जाग'.

दोन मोसमांत विसावा सगळीकडं, कडधान्यांवरही पोचला. बायकांनी फडक्यात बांधलेली मटकी खड्यासारखी राहायला लागली, तेव्हा दुकानात मोड आलेल्या मटकीची पाकिटं आली. नवरात्रात घटासाठी 'जाग' लावलेल्या सात धान्यांची पुडी मिळायला लागली. लोकांना त्याची सवयही झाली. आत्याबाईंनी मात्र पुडीला हात लावला नव्हता. त्यांच्या सासरी रीत होती: घटाला माती आपल्या रानातली आणि दाणा आपल्याच कणगीतला. "इकत आणलेल्या दाण्यात देवी काय बोलंल? दुकानदाराचंच बोलंल," त्या म्हणायच्या.

आणि यंदाच्या माघात, स्वरूपाच्याच सांगण्यावरून, तिच्या नवऱ्यानं, श्रीरंगनं, घरच्या गव्हावर पहिल्यांदा विसावा फवारला होता. पाऊस आला, गावातले काही गहू गेले, त्यांचा वाचला. आत्याबाईंनी तेव्हा सुनेची दृष्ट काढली होती. औषध काय करतं असं त्यांनी विचारलं, तेव्हा स्वरूपा म्हणाली होती, "पावसापासून राखतं." तेही खरंच होतं. उगवणीच्या शेकडो चाचण्या तिनं केल्या होत्या. त्यांत घट नव्हता. तिला तो सुचलाच नव्हता.

एरवी घट उगवला न उगवला, एवढं मनाला लावून घ्यायचं कारण नव्हतं. पण यंदा आत्याबाईंनी घटाला एक प्रश्न विचारला होता.

भाद्रपदात त्यांचं पोट दुखायला लागलं. संभाजीनगरच्या डॉक्टरांनी तपासण्या केल्या आणि आतड्यात गाठ असल्याचं सांगितलं. "वेळेत सापडली आहे. दसरा झाला की काढून टाकू. दहातले नऊ पेशंट बरे होऊन घरी जातात." आत्याबाईंनी सगळं ऐकून घेतलं. त्यांची आई ऑपरेशनच्या टेबलावरच गेली होती, गर्भपिशवी काढताना, त्या स्वतः परकरात होत्या तेव्हा. घरी आल्यावर त्या म्हणाल्या, "घट बसू द्या. देवी व्हय म्हणली तर हसत जाईन. न्हाई म्हणली तर मला कुणी न्यायचं न्हाई."

श्रीरंग हसून म्हणाला होता, "तुझा घट दरसाल हातभर उगवतो गं आई. बॅग भरूनच ठेव."

चौथ्या माळेला रात्रीची भांडी आवरता आवरता स्वरूपानं त्याला सगळं सांगितलं.

"मग सांगून टाक की आईला. गव्हाचा दोष आहे म्हणावं."

"ऐकतील? म्हणतील, देवीनं तुझ्या हातानं न्हाई म्हटलं. आणि कणगीतलं सगळंच बी असं झालंय हे कळलं तर? पस्तीस वर्षं जपलंय त्यांनी ते."

"मग?"

"ऑपरेशन होऊ दे. मग सगळं सांगीन. पाया पडीन त्यांच्या."

पाचव्या माळेला आत्याबाई अंघोळीला गेल्या तेव्हा स्वरूपानं पर्समधून 'जाग'ची बाटली काढली. ओजूला तापाचं औषध देताना ती पिचकारीवरची रेघ उजेडात धरून दोनदा तपासायची, थेंब जास्त झाला तर ओतून द्यायची. पण एका परडीला किती 'जाग' लागते, हे कुठल्याच पत्रकात नव्हतं. एकरी प्रमाण तिला पाठ होतं, परडीचं नव्हतं. तिनं घटातल्या पाण्यात झाकणभर ओतलं. बाथरूममधून तांब्याचा आवाज येत होता. चार दिवस तर वायाच गेलेत, असं मनात आलं, आणि तिनं आणखी एक झाकण ओतलं.

सहाव्या माळेला माती भेगाळली. सातव्या माळेला बोटभर कोंब वर आले. आठव्या-नवव्याला घट असा काही उसळला, की गल्लीतल्या बायका बघायला आल्या. फिकट, पोपटी, लांबसडक पाती. नारळाच्या शेंडीच्याही वर गेलेली, स्वतःच्याच उंचीनं वाकलेली. जिबरेलिन जास्त झालं की रोप असंच करतं: नुसतं उंच होत जातं, कणा धरत नाही. स्वरूपाला ते बघताक्षणी कळलं. बाकी कुणाला कळायचं कारण नव्हतं.

"बाई बाई बाई! पावली गं तुला, पावली!" शेजारच्या पद्माकाकू म्हणाल्या. "आमच्या पुडीतल्या घटाला टाचणीएवढे कोंब. आन् तुझं बघ, जणू केतकीचं बन."

आत्याबाई परडीसमोर बसल्या होत्या. नुसत्या बघत होत्या. नऊ दिवसांच्या उपासानं त्यांचा चेहरा ओढला होता, पण डोळे लहान पोरीसारखे झाले होते. स्वरूपाला वाटलं, झालं एकदाचं. निभावलं.

दसऱ्याला घट हलले. आत्याबाईंनी पाती खुडली, श्रीरंगच्या टोपीत खोवली, ओजूच्या कानामागं लावली, स्वरूपाच्या वेणीत माळली. आणि मग पाटावर बसता बसता म्हणाल्या, "श्रीरंगा, त्या डाक्टरला फोन कर. तारीख रद्द म्हणावं."

"आँ? कामून?"

"काल धरनं पोट दुखलं न्हाई माझं. अरे, नुसतं व्हय म्हणायचं असतं तर दरसालएवढा उगवला असता. एवढा कधी उगवलाय का? चार दिवस तिनं माझं दुखणं वढून घेतलं, म्हून माती काळी ऱ्हायली. अन् मग बघ कशी मोकळी झाली!" त्या हसल्या. "आता चिरफाड करून तिचा अपमान करू का?"

त्या संध्याकाळी आपट्याची पानं द्यायला माणसं येत होती, जात होती. स्वरूपा चहावर चहा करत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्याबाई ओजूच्या डोक्याला तेल लावत ओसरीवर बसल्या होत्या. स्वरूपा समोर येऊन खाली बसली.

"आत्याबाई, घट मी उगववलाय."

"तू?" आत्याबाईंना हसू आलं. "तुझ्या हातानं दारची तुळस वाळती, अन् तू घट उगववणार?"

"मी घटात औषध घातलं. पाचव्या माळेला. तुम्ही अंघोळीला गेला होतात."

तेलाचा हात थांबला. ओजू म्हणाली, "आज्जी, लाव ना." हात पुन्हा हलायला लागला, पण हळूहळू.

"म्हंजे खरा घट उगवलाच न्हाई."

"तसं नाही हो! त्या गव्हाला उगवताच येत नव्हतं. माघात आपण फवारा मारला ना, त्यानं दाणा निजतो. कायमचा. औषध लावल्याशिवाय उठत नाही. कुठल्याही घरात उगवला नसता तो. त्याचा तुमच्या दुखण्याशी काहीएक संबंध नाही."

"ते पावसाचं औषध?"

"हो."

"कणगीतला समदाच?"

स्वरूपानं मानेनंच हो म्हटलं.

आत्याबाईंनी ओजूची वेणी घातली. बो बांधला, सोडला, परत बांधला. चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. चार शिव्या दिल्या असत्या तर स्वरूपानं त्या पदरात घेतल्या असत्या. पण त्या अगदी साध्या आवाजात बोलल्या, भाजीला मीठ पडलं की नाही विचारावं तशा.

"मी तिला येवढं एकच इचारलं होतं गं. आधी तू तिचं तोंड बांधलंस. मग तिच्या तोंडून तूच बोललीस. तिला काय म्हणायचं व्हतं, ते मला आता कळायचं न्हाई."

"आत्याबाई, डॉक्टर म्हणतायत ना, दहातले नऊ…"

"दहावी बी कुणाची तरी आईच असती." त्या उठल्या. "मी तुझ्यावर रागावले न्हाई. जा, तुझी गाडी चुकंल."

तारीख रद्द झाली. श्रीरंग ओरडला, रडला, मामांना बोलावून आणलं. आत्याबाई सगळ्यांना एकच सांगायच्या, "बघू." पूर्वी त्या घरातल्या प्रत्येक गोष्टीचा निवाडा करायच्या: लोणचं कधी घालायचं, पोरीला खोकल्याला काय द्यायचं, कुणाच्या लग्नाला कोण जाणार. आता सगळ्यालाच "बघू." दिवा लावायच्या, पण त्याच्यासमोर बसायच्या नाहीत. दिवा लावून लगेच मागं वळायच्या.

स्वरूपानं एकदा धीर करून गटाच्या प्रमुखांना विचारलं, घरी ठेवलेलं बी घरच्या घरी उगवेल, एवढी तरी फट विसाव्यात ठेवता येईल का? ते मन लावून ऐकत होते. भला माणूस होता. "तांत्रिकदृष्ट्या अवघड नाही," ते म्हणाले. "पण मॅडम, घरचं बी पेरतं कोण आता?" यावर तिच्याजवळ एकच उत्तर होतं, आत्याबाई, आणि ते तिथं सांगण्यासारखं नव्हतं.

ती बघत राहिली. बघत राहणं तिच्या हाडातच होतं. रात्री उठून ओजूचा श्वास ऐकायची, आणि आता तशीच सासूच्या खोलीच्या दारात उभी राहून तिथलाही ऐकायची. साडीची गाठ कुठवर सरकली, ताटात किती उरलं, हे तिला न बघताही दिसायचं. मार्गशीर्षात आत्याबाईंना उलट्या सुरू झाल्या. पौषात त्यांचा हात धरून अंगणात आणावं लागायचं. आणि त्या जायला तयार झाल्या त्या फक्त तपासणीला, तेही ओजूनं हट्ट धरला म्हणून.

डॉक्टरांनी स्वरूपाला आणि श्रीरंगला आत बोलावलं. "आतडं बंद होत आलंय. आता ऑपरेशन म्हणजे निम्मं-निम्मं. खरं सांगायचं तर निम्म्याहून थोडं कमीच. केलं नाही तर उन्हाळा निघणार नाही, आणि जे दिवस निघतील ते फार वाईट असतील." मग थोडं थांबून, "त्यांनाच विचारा," म्हणाले.

घरी आल्यावर आत्याबाई अंगणात उन्हाला बसल्या. श्रीरंग गोठ्याकडं जाऊन उभा राहिला. आईसमोर त्याला रडायचं नव्हतं. स्वरूपानं पाणी आणून दिलं.

"बस," आत्याबाई म्हणाल्या. "काय म्हणला डाक्टर ते मला नगं सांगू. आकडे मला कळत न्हाईत. मला एवढंच सांग, जाऊ का नको?"

"मी?"

"मग कुणाला इचारू? तिला इचारायचं आता माझ्यानं होत न्हाई. दिव्यासमोर बसलं की वाटतं, हे तिचं, का कुणी वतलंय. तूच सांग. तू म्हणशील तसं."

स्वरूपाच्या तोंडात खरं उत्तर होतं: माहीत नाही. प्रयोगशाळेत तिनं हे वाक्य अनेकदा लिहिलं होतं, त्याची तिला लाजही वाटायची नाही. पण समोरची बाई 'माहीत नाही'च्या आधारानं उठणार नव्हती. ती इथंच, या उन्हात, दिवसेंदिवस बारीक होत बसून राहणार होती. निम्म्याहून थोडं कमी म्हणजे अगदीच काही नाही असं नव्हतं.

"जा," स्वरूपा म्हणाली. "बऱ्या व्हाल तुम्ही. नक्की."

आत्याबाई तिच्याकडं टक लावून बघत राहिल्या. मग त्यांच्या ओढलेल्या चेहऱ्यावर एक बारीकसं हसू आलं. कितीतरी महिन्यांनी.

"खोटं बोलताना तुझा कान लाल होतो. घटाच्या येळंला मी बघितला न्हाई, नायतर तव्हाच कळलं असतं." त्यांनी सुनेचा हात धरला. त्यांचा तळवा गार होता. "असू दे. कुणी तरी म्हणायला पायजे होतं. म्हणलीस ते बरं केलंस. आता जाते मी."

"आत्याबाई, मी खरं सांगते, डॉक्टर म्हणाले…"

"नगं. आता कामून सांगतीस? आत्ता तर धीर आलाय." मग थोड्या वेळानं, "पर एक कर. लेकराला अशी धीर देत नको जाऊ. लहान हाय ती. तिला खरं काय ते सांगत जा. मोठ्या माणसाला खोटं पचतं गं. लेकरू त्याच्यावर घर बांधतंय."

ऑपरेशन सकाळी होतं. ओजूला पद्माकाकूंकडं ठेवलं होतं. आत्याबाईंनी गळ्यातली माळ, बांगड्या काढून रुमालात गुंडाळून स्वरूपाकडं दिल्या, आणि ढकलगाडीवर आडवं होताना नर्सला म्हणाल्या, "सावकाश ने बाई. मी काय गव्हाचं पोतं न्हाई." नर्स हसली. श्रीरंगही हसला. दार मिटलं.

बाहेर बाकावर नवरा-बायको शेजारी शेजारी बसून राहिले. श्रीरंगनं चहाचा कप आणून तिच्या हातात दिला, आणि ती पीत नाही असं दिसल्यावर स्वतःच तो पिऊन टाकला.

दुपारी डॉक्टर बाहेर आले. दारातून येऊन त्यांनी टोपी काढली आणि मग चालायला लागले. आधी टोपी, मग पाऊल. ते बघूनच स्वरूपाला कळलं. श्रीरंग उठून त्यांच्याकडं गेला. ती बसून राहिली आणि तिथूनच डॉक्टरांचं बोलणं शेवटपर्यंत ऐकलं. रक्तदाब कसा उतरला, हृदय कसं थांबलं, त्यांनी काय काय केलं. ते काही लपवत नव्हते आणि काही वाढवतही नव्हते.

संध्याकाळी पद्माकाकूंचा फोन आला. पोरगी ऐकत नाही, आईशी बोलायचं म्हणते. त्यांचा आवाज बसलेला होता. त्यांना कळलं होतं, ओजूला सांगायला धजावल्या नव्हत्या.

"आई, आज्जी कधी येणार?"

स्वरूपा व्हरांड्याच्या टोकाला गेली. देवाघरी गेली, चांदणी झाली, गावाला गेली, सगळी वाक्यं तिच्या जिभेवर येऊन उभी राहिली. तिच्या लहानपणी तिला ती सगळी सांगितलेली होती, आणि त्यांवर विसंबून गेलेल्या माणसाची वाट बघत ती किती तरी दिवस दारात बसली होती.

"आज्जी नाही येणार, बाळा. आज्जी वारली."

"मग उद्या येणार?"

"नाही. उद्यापण नाही."

स्वरूपानं फोन कानाला घट्ट धरला आणि पोरीचा श्वास ऐकत राहिली.